घुबडाच्या पाठीवर

मी एक जुना मापक आहे. आगपेटीएवढा, काळा, एका कडेला हिरवा दिवा असलेला. व्यावसायिक फुटबॉलपटू अंगालगत एक घट्ट बंडी घालतात. तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक लहानसा खिसा असतो. माझा जन्म त्या खिशासाठी झाला. मित्रांनो, सामना पाहताना एखाद्या खेळाडूच्या मानेखाली उंचवटा दिसला तर ते कुबड समजू नका. माझ्या जातीचा कोणीतरी तिथे कामावर असतो.

कारखान्यात मला फिरत्या तबकडीवर ठेवून गरगरा फिरवले, थरथरणाऱ्या पाटावर हलवले आणि मी दिलेले आकडे दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित उपकरणाशी ताडून पाहिले. मी उत्तीर्ण झालो. उपग्रहांच्या संकेतांवरून मी कुठे आहे हे मला कळते. पोटातल्या संवेदकांमुळे मी किती हललो आणि किती वळलो हे कळते. कान मला दिलेले नाहीत. मग पुढची बोलणी मी ऐकली कशी, अशी शंका ज्याला आली त्याने ती जपून ठेवावी, कारण शंका ही उपयोगी वस्तू आहे. मला मात्र तेवढी सवलत द्यावी.

ज्याच्या पाठीवर माझी नेमणूक झाली तो मधल्या फळीत खेळायचा. बचाव करणाऱ्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढे गोल करणाऱ्यांकडे पोचवायचा, हे त्याचे काम. हे काम नीट झाले तर प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही आणि बिघडले तर सगळ्या मैदानाला दिसते. मिसरूड फुटण्याच्या वयात तो या क्लबात आला होता. त्याच्याच बरोबर आलेला त्याचा मित्र आता गोलरक्षक होता आणि सर्वांत जुना सोबती असल्यामुळे याची थट्टा करण्याचा हक्क त्याच्याकडे होता.

संघात सगळे त्याला घुबड म्हणत. चेंडू पायाशी येण्याआधी तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून मागे कोण आहे ते पाहून घ्यायचा. प्रत्येक वेळी, न चुकता.

"मान जपून वापर रे घुबडा," गोलरक्षक म्हणायचा. "एक दिवस आटे सैल होतील आणि हातात येईल."

मान वळली की खांद्यांमधले स्नायू ताणले जात आणि मला एक बारीक हिसका बसे. मी तो इमानाने नोंदवून ठेवी. पण संगणकात माहिती उतरली की असले बारीक हिसके तक्ता बनण्याआधीच पुसले जात. कापड फडफडले किंवा खेळाडूने मोठा श्वास घेतला तरी तसाच हिसका बसतो, म्हणून कारखान्याने घालून दिलेला तो नियम होता. नियमात खोट नव्हती. फक्त त्या नियमाला घुबड माहीत नव्हते.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची गेली. तो भरपूर पळायचा, माझा आलेख उंच जायचा आणि त्याच्याबरोबर माझीही पाठ थोपटली जायची. मी पाठीवरच असल्यामुळे ते ओघानेच आले. संघाने अजिंक्यपद मिळवले, तो कर्णधार झाला. पुढे घोट्याची शस्त्रक्रिया झाली. त्यातून तो परतला तेव्हा कमी पळू लागला होता, पण जिथे चेंडू येणार तिथे आधीच उभा असायचा. आधीच पोचलेल्या माणसाला धावत जावे लागत नाही. माझ्या लेखी मात्र योग्य जागी उभा असलेला माणूस आणि उभ्याउभ्या डुलकी काढणारा माणूस यांत काडीचाही फरक नसतो.

मग नवे प्रशिक्षक आले. त्यांना सगळे सर म्हणत. सरांच्या खोलीत भिंतभर पडदा होता. आकडे सांभाळणारी एक तरुण मुलगी रोज त्या पडद्यावर आमचे तक्ते लावत असे. हंगामाच्या अखेरीस घुबडाचा करार संपणार होता. सरांनी त्याला बोलावले.

"हे बघ, मला तुझ्याबद्दल आदर आहे," सर म्हणाले. "पण हे बघ तुझं पळणं. सगळ्यांत खाली. उरलेल्या सामन्यांत हे वर यायला हवं."

बाहेर गोलरक्षक उभाच होता. "काय म्हणाले?"

"आदर आहे म्हणाले."

"आदर? मग गेलास तू."

त्याला आणखी एकच वर्ष हवे होते. कारण तो कोणाला सांगत नसे. मला ते अपघातानेच कळले. एका संध्याकाळी मी बंडीच्या खिशात राहून गेलो आणि त्याच्या पिशवीतून थेट घरी पोचलो. बायकोने बंडी धुवायला काढली आणि मला चिमटीत धरून स्वयंपाकघरात आणले.

"हे तुझं भूत मशीनमध्ये चाललं होतं."

"अगं, ठेव ते नीट. त्याच्यावर माझी नोकरी आहे. मी कमी पळतो म्हणे."

"मग पळ की थोडं."

"कुठे? चेंडू माझ्याकडेच येतो."

"उगीच पळ रे. सर खूश, हे डबडंही खूश."

तो हसला. शेजारच्या खोलीत त्यांची लहान मुलगी ठोकळ्यांशी काहीतरी बोलत होती. तिच्याकडे पाहत तो हळू आवाजात म्हणाला, "आणखी एक वर्ष मिळालं ना, तर तिला आठवेल. आत्ताचं काही तिच्या डोक्यात राहायचं नाही. बाबा खेळायचा हे नुसतं ऐकून राहील ती."

बायकोने मला फडक्याने पुसून फळीवर ठेवले.

पुढच्या सामन्यात तो पळाला. मित्रांनो, असे पळणे मी त्याच्या पाठीवरून कधी अनुभवले नव्हते. चेंडू उजव्या टोकाला असेल तर हा तिकडे, डाव्या टोकाला गेला की हा तिकडे. धावताना मान वळवायला सवड कुठली? बारीक हिसके जवळजवळ बंद झाले. मैदानाच्या मध्यभागी, जिथे तो वर्षानुवर्षे उभा राहत आला होता, तिथे आता मोकळे गवत होते. प्रतिस्पर्धी त्याच वाटेने आत शिरले आणि आमचा संघ हरला.

कपडे बदलण्याच्या खोलीत सरांनी तक्ता सगळ्यांपुढे धरला. "बघा. हरलो, पण झोकून देणं म्हणजे काय ते याच्याकडून शिका."

माझा आलेख शिखरावर होता. अशी लाज मला कधी वाटली नव्हती. ओरडून सांगावेसे वाटले, पण ओरडण्यासाठी माझ्याकडे एक हिरवा दिवा आहे आणि तो फक्त बॅटरीविषयी बोलतो.

गोलरक्षक बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, "घुबडा, आज तू होतास कुठे?"

"सगळीकडे."

"तेच म्हणतोय मी."

शेवटच्या सामन्याला त्याची बायको मुलीला घेऊन आली होती. मैदानात उतरण्याआधी गोलरक्षकाने त्याला कोपराने ढोसले. "आज पळणार आहेस की खेळणार आहेस?"

तो आत गेला. पहिलाच चेंडू त्याच्याकडे येत असताना मला हिसका बसला. डावीकडे एक, उजवीकडे एक. तेव्हाच मी समजलो. उत्तरार्धात चेंडू त्याच्याकडे वेगाने आला आणि मागून दोघे त्याच्यावर धावून आले. त्याने चेंडूला हातही, म्हणजे पायही लावला नाही. दोन्ही पायांमधून जाऊ दिला, स्वतः वळला आणि ते दोघे एकमेकांवर आपटले. पुढे मोकळी जागा होती. एक सरळ पास, आणि गोल. सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गोल मारणाऱ्याचा फोटो होता.

तक्त्यात घुबड पुन्हा तळाला गेले. तो आकडा मीच दिला होता आणि तो तंतोतंत खरा होता.

"सर, पण सामना फिरला तो यांच्यामुळेच," आकडेवाली मुलगी म्हणाली.

"आकडा काय म्हणतो?"

"आकडा कमी आहे."

"मग झालं."

त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा घेतला गेला. मी खोटे बोललो असतो तर तो राहिला असता. पण खोटे बोलण्याची सोय माझ्यात केलेली नाही आणि पुरते खरे बोलण्याचीही नाही, हे मला त्या दिवशी उमगले.

तो बंडी परत द्यायला आला तेव्हा त्याची लहान मुलगी बोट धरून बरोबर होती. आकडेवालीने मला तारेला जोडता जोडता विचारले, "दादा, एक विचारू? मागे ते दोघे आहेत हे कळलं कसं तुम्हाला?"

"बघून ठेवलं होतं."

"कधी?"

"चेंडू यायच्या आधी. नेहमीच बघतो."

ती थांबली. मग तिने माझ्यातली न पुसलेली, कच्ची माहिती उघडली. चेंडू त्याच्याकडे येण्याच्या प्रत्येक क्षणाआधी तिथे दोन बारीक हिसके होते. आदल्या सामन्यात, तो पळत होता तेव्हा, ते नव्हते. तिने पडद्यावरच्या त्या हिसक्यांवर बोट ठेवले.

"दादा, हे सगळं होतं आमच्याकडे."

"हो का," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता.

काहीतरी बोलायचे म्हणून आकडेवालीने मुलीला विचारले, "बाबांचा खेळ पाहिलास ना?"

"हो," मुलगी म्हणाली. "मला झोप आली होती."

तो हसला, तिला उचलून खांद्यावर घेतले आणि गेला.

आकडेवालीने ते सारे सरांना दाखवले की नाही, मला ठाऊक नाही. माझी बॅटरी थकत आली होती. लवकरच मला जुन्या मापकांच्या खोक्यात टाकले आणि अजून मी तिथेच आहे.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू तुमच्या मनगटावर येतील, तुमच्या वर्गात येतील, पुढे तुमच्या कामाच्या जागीही येतील. त्यांना घामापासून पुसून कोरडे ठेवा, आपटू नका, वेळेवर चार्ज करा. त्या खोटे बोलत नाहीत. पण त्यांच्या शब्दावर एखाद्या माणसाचे काम ठरवायची वेळ आली, तर त्याआधी त्यांना एवढे विचारा, की यातले तुम्ही टाकून काय दिलेत? आपण होऊन आम्हाला ते सांगता येत नाही. विचारले तर सांगतो. मला ते विचारले गेले तेव्हा कपडे बदलण्याच्या खोलीत घुबडाच्या कपाटाला दुसऱ्याचे कुलूप लागलेले होते.