नो पार्किंगमधलं गाढव

टाचणीला आधीच्या घरातून परत पाठवलं, कारण ती चावली. रक्तबिक्त काही निघालं नाही. पण ज्या दंडाला ती चावली तो त्या घरच्या आजोबांचा होता आणि आजोबा त्या वेळी उपदेश करत होते, त्यामुळे प्रकरण चिघळलं. बालगृहाच्या बाईंनी तिला पुन्हा गाडीत घातलं, "आता तरी माणसासारखी वाग" असं वाटेत चारदा बजावलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका नव्या दाराची बेल वाजवली.

दार काकांनी उघडलं. काका दातांच्या कवळ्या बनवायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं, आणि खिडकीत प्लॅस्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले असायचे.

"हिला जरा चावायची सवय आहे," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

काकांनी चष्म्यावरून टाचणीकडे पाहिलं. "आ कर बघू." तिने केला. "वा! असले दात असते तर मीसुद्धा चावलो असतो."

टाचणी हे नाव तिला बालगृहातल्या पोरांनी ठेवलं होतं. अंगाने तशीच होती, आणि जिभेनेही. वय अकरा. तिची आई होती. ती कुठे आहे हे मात्र दर वेळी वेगळं सांगितलं जायचं.

काकांची बायको, म्हणजे मावशी, टोचन गाडी चालवायची. चुकीच्या जागी लावलेली वाहनं उचलून आवारात आणून टाकायची. दिवसभरात तिला इतके शिव्याशाप मिळत की त्यातला एक जरी लागू पडला असता तरी बाई केव्हाच आटोपली असती. पण ती ठणठणीत होती, आणि रात्री भाजी परतताना दिवसभरातल्या निवडक शिव्या काकांना चालीवर ऐकवायची.

थंडी पडली की लोकांना स्वेटर आठवतात, तशी नाताळ जवळ आला की अनाथ मुलं आठवतात. टाचणी अनाथ आहे का, हे कुणी विचारलंच नाही. आठवड्यात तिला तीन बाहुल्या आल्या. तिन्ही सोनेरी केसांच्या, तिन्ही एकाच दुकानातल्या. देणारी प्रत्येक बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवी आणि मग तो हात हळूच रुमालाला पुशी. टाचणीने बाहुल्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून बसवल्या. जेवताना ती ताटात बघायची, बोलायची नाही. रात्री पांघरूण डोक्यावरून घ्यायची.

शाळेला सुट्टी लागली तशी मावशी तिला गाडीत घेऊन जाऊ लागली. एका दुपारी दवाखान्याच्या फाटकासमोर, 'नो पार्किंग'च्या पाटीला अगदी टेकवून, एक राखाडी व्हॅन उभी होती. मावशीने आकडा अडकवला, व्हॅनचं नाक वर उचललं आणि निघाली. सिग्नलला मागून असा काही आवाज आला की मावशीला वाटलं, गिअरबॉक्स गेला.

"गिअरबॉक्स नाही," टाचणी म्हणाली. दिवसभरातलं तिचं ते पहिलं वाक्य. "गाढव आहे."

आवारात आल्यावर मागचं दार उघडलं तर खरंच गाढव. बरगड्या मोजून घ्याव्यात असं, मानेवर दोराने सोललेलं. खाली उतरल्या उतरल्या त्याने वॉचमनला लाथ घातली, मावशीच्या बाहीचा लचका तोडला आणि मग ते एका जप्त मोटारीमागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. बादलीभर पाणी मात्र एका दमात प्यायलं.

प्राण्यांच्या आश्रयगृहात जागा नव्हती. तिथले अर्धे लोक नाताळच्या रजेवर होते. व्हॅनचा मालक येईपर्यंत गाढवाला टायरांच्या शेडमध्ये ठेवायचं ठरलं. नो पार्किंगमध्ये सापडलं म्हणून वॉचमनने त्याचं नाव पार्क्या ठेवलं, आणि स्वतः दहा हात लांबून फिरू लागला.

टाचणी रोज शेडमध्ये जाऊन बसायची. पार्क्याकडे पाठ करून. लाड नाहीत, चुचकारणं नाही. "तुला मी आवडत नाही, मला तू आवडत नाहीस, बास," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याने तिचा मफलर खाल्ला. तिने त्याला मावशीकडून शिकलेली एक शिवी दिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने आपली हनुवटी तिच्या डोक्यावर ठेवली आणि सुस्कारा सोडला. गाढवाचं डोकं भलतंच जड असतं. टाचणीच्या पायाला मुंग्या आल्या, मान अवघडली, पण मावशी हाका मारून थकली तरी ती हलली नाही.

काकांनी येऊन पार्क्याचं तोंड लांबूनच निरखलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. एक दाढ किडून आतून पोखरली होती. डॉक्टरांनी सुई टोचून ती उपटली, टाचणीने तोवर दोन्ही कान धरले.

"म्हणजे दुखत होतं म्हणून चावत होता?" तिने विचारलं.

"मग काय, हौस म्हणून?" काका म्हणाले. आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर चष्मा काढून उगीचच पुसत बसले.

मग फादर आले. चर्चमध्ये दर नाताळला येशूजन्माचा देखावा असे. त्यात गाढवाचं सोंग दोन सख्खे भाऊ वठवायचे. यंदा मागचे पाय कोण होणार यावरून त्यांचं इतकं वाजलं की दोघे बोलायचे बंद झाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर पाय धरायलाही गाढव शिल्लक नव्हतं.

"बाळ, तुझं गाढव देशील का?" फादरनी विचारलं.

"माझं नाही. आणि ते माझ्याशिवाय येत नाही."

"मग तूही ये! देवदूत हो. पंख देतो."

"पंख नको. मी माझ्या कोटात येईन."

"पण त्या गोठ्यात कोट घातलेली मुलगी कुठे होती?"

"गाढवाला कुणीतरी आणलंच असेल ना?"

फादरना हा मुद्दा कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. ते मान हलवत गेले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. पार्क्या शहाण्यासारखा गव्हाणीपर्यंत चालत गेला. फादरनी सगळ्यांना शांत प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगितले, आणि पार्क्याने तोंड उघडलं. ते ओरडणं घंटाघरापर्यंत पोचलं असणार. ओरडून मोकळा झाल्यावर त्याने गव्हाणीतल्या गवताचा मोठा घास ओढला, त्यासरशी लाकडी बाळ येशू उसळून बाहेर आला. टाचणीने जगाच्या तारणहाराचा एक पाय हवेतच पकडला आणि त्याला उलटाच धरून विचारलं, "याला आता कुठे ठेवू?"

पहिल्यांदा हसले ते फादर. मग दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलेले ते भाऊ. मग अख्खं चर्च. नंतर बऱ्याच बायका टाचणीच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे आल्या, पण पार्क्या शेजारीच उभा होता, त्यामुळे त्यांनी लांबूनच शुभेच्छा दिल्या.

नाताळच्या सकाळी मावशी कामावरच होती. सणालाही लोक गाडी चुकीच्याच जागी लावतात. तेव्हा व्हॅनचा मालक आला. वॉचमनने 'राखाडी व्हॅनवाला' म्हटलेलं ऐकताच टाचणी शेडमध्ये पळाली, दाराला साखळी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. तिने दातांवर दात घट्ट दाबले होते. लागले तर लागतील.

मालकाने किल्ली घेतली, सही केली, काच पुसली.

"आणि आत होतं ते?" मावशीने विचारलं.

"काय होतं?"

"गाढव."

"ते होय! ठेवा तुम्हालाच. चावतं ते." आणि व्हॅन फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

हे आत ऐकून टाचणीला आनंदाने नाचावंसं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, त्या माणसाला दगड मारावा. तो शेडकडे बघायलाही आला नव्हता. ती उठली, पार्क्याच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "तो आला होता. तुझी खूप चौकशी करत होता. पण फार घाईत होता रे. पुढच्या वेळी नक्की भेटणार आहे तुला."

दाराच्या फटीतून मावशीचा आवाज आला. "असं नको सांगूस त्याला."

"का? त्याला कुठे कळतंय?"

"त्याला नाही कळत. तुला कळतं."

टाचणीने साखळी काढली. मावशी आत येऊन टायरवर बसली.

"माझी आईपण नेहमी घाईत असते," टाचणी म्हणाली.

मावशी गावभराच्या शिव्या पचवणारी बाई, पण हे वाक्य तिला पचलं नाही. "ती येईल की नाही, मला माहीत नाही, टाचणे," ती म्हणाली. "माहीत असतं तर सांगितलं असतं. नाही ते मी सांगणार नाही."

मग टाचणीने पार्क्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडली. गाढवाच्या गळ्यात पडून रडणं चित्रात छान दिसतं. प्रत्यक्षात वास फार येतो. रडता रडता तिला शिंका आल्या, तशी मावशीने आपली बाही पुढे केली, आणि टाचणीने त्या बाहीला नाक पुसलं.

जानेवारीत आश्रयगृहाची माणसं पार्क्याला न्यायला आली. चौघांनी ढकललं, दोघांनी ओढलं, एकाने गाजर दाखवलं. गाजर गेलं, गाढव जागचं हललं नाही. जाताना ती माणसं म्हणाली, तुम्हीच सांभाळा, आम्ही लिहून देतो.

त्याच सुमारास बालगृहाच्या बाईही आल्या. टाचणी शेडमध्ये लीद काढत होती.

"नीट वागते ना?" बाईंनी मावशीला विचारलं.

"कुणाला चावलेली नाही. शिव्या देते, पण त्या माझ्याच आहेत."

"मग मार्चपर्यंत ठेवू या इथे?"

"मार्चपर्यंत कशाला?" मावशी म्हणाली. "काका तिला जबडे घासायला शिकवतायत, गाढव दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि मला गाडीत एकटीला आता करमत नाही. राहू दे तिला. म्हणजे, तिला राहायचं असेल तर. तिला विचारा."

बाईंनी शेडकडे तोंड वळवून घसा साफ केला.

"मी ऐकतेय सगळं!" आतून आवाज आला. "विचारायची गरज नाही. राहणार आहे. आणि कुणीतरी दुसरं फावडं आणा, याचा दांडा मोडलाय."