वांग्यांचं पांघरूण

नानाजींनी जन्मभर रोहणा गावच्या शेतात कापूस पिकवला आणि कापसाशिवाय दुसऱ्या कशाला ते पीक मानत नसत. तूर म्हणजे वरणाची सोय, ज्वारी म्हणजे भाकरीची सोय, आणि वांगी म्हणजे बायकांचा उद्योग. हा उद्योग त्यांची बायको तानाबाई घरामागे चाळीस वर्षं करत होती. हिवाळाभर भरीत चापायचं आणि वर "यंदा बिया जास्त हायेत" म्हणून नाक मुरडायचं, एवढाच त्यात नानाजींचा वाटा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं!

दोन वर्षांपूर्वी तानाबाई गेली आणि नानाजी सेलूला, मुलाच्या नव्या घरी राहायला आले. यंदा दिवाळी उलटली, सकाळी अंगाला गारठा लागू लागला आणि त्यांना भरताची आठवण झाली. सून माधवीनं बाजारातलं मोठंसं वांगं भाजून मन लावून भरीत केलं. नानाजींनी दोन घास खाल्ले आणि ताटाकडे पाहत राहिले.

"चांगलं झालं पोरी," ते म्हणाले, "पन हे वांगं आपलं नोय."

आपलं वांगं होतं एका शेणाच्या थापटीत. पिकल्या वांग्याचं बी राखेत घोळून, शेणात थापून तानाबाई ते भिंतीला चिकटवून ठेवायची, म्हणजे कीड लागत नाही. गावचं घर सोडताना नानाजींनी मागच्या भिंतीवरची शेवटची थापटी खरवडून आणली होती. आता ती पेरायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

अंगण म्हणजे नव्या प्लॉटवरची मुरमाची भर, कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी. तेव्हा जमिनीवरच गादीवाफा उचलायचा ठरला. बांधकामाच्या उरलेल्या विटांची चौकट लावली. गावाकडून ऑटोच्या दोन खेपांत पंधरा पोती काळी माती आणि पाच पोती कुजलेलं शेणखत आलं. तीन हात रुंद, पाच हात लांब, दीड वीत उंच. तानाबाईचा वाफा डोळ्यांपुढे होता, तेवढाच झाला. थापटी फोडून नानाजींनी सगळं बी पेरून टाकलं. तानाबाई निम्मं बी नेहमी मागे ठेवायची, हे त्यांना हात धुताना आठवलं.

बी जुनं होतं. उगवली अकरा रोपं. ही गेली की तानाबाईचं वांगं संपलं, हे नानाजींना पक्कं कळत होतं, आणि ते दिवसातून दहादा वाफ्यापाशी जाऊन अकरा मोजून येत.

मार्गशीर्षात थंडीची लाट आली. पारा सातावर उतरणार, असं टीव्हीवर सांगू लागले. नानाजी मात्र निर्धास्त. कापसाच्या गंजीवर जी ताडपत्री घालून त्यांनी चाळीस वर्षं कापूस सांभाळला, तीच त्यांनी संध्याकाळी वाफ्यावर ताणून घातली आणि चारी बाजूंनी विटा ठेवल्या. कापसाला जे मानवतं ते वांग्याला का मानवू नये?

सकाळी ताडपत्री उचलली तर पानं तिला खालून चिकटलेली. चार रोपं उकडल्यासारखी काळी पडून आडवी झाली होती. नानाजी तिथंच उकिडवे बसले.

माधवी चहा घेऊन आली. तिनं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबाजी, नर्सरीत रोपं भेटतेत. मी घेऊन येतो न."

"भेटतेत," नानाजी म्हणाले. "तिच्या हातचे नाई भेटत."

चहा तसाच ठेवून त्यांनी रोहण्याला धुरपताबाईला फोन लावला. ती तानाबाईची शेजारीण, भाजीचा हारा डोक्यावर घेऊन दोघी मिळून बाजारात जायच्या.

"धुरपता, तानीच्या वांग्याचं बी हाय का तुह्याजवळ?"

"नाई जी भाऊजी. मी त आता बजारातूनच रोपं आणतो."

"बरं, मंग थंडीत तानी काय करे, सांग."

"तुमाले नाई माईत? चाळीस वर्सं तुमच्याच घरी होती न ते. संध्याकाळी हलकं पाणी दे, बुडाशी कुटार टाके, अन् वर लुगडं. पातळ, सुती. पानाले टेकू नाई देत होती."

नानाजींनी फोन ठेवला. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला ते उगाच चष्मा पुसत बसले.

माधवीच्या साड्या साऱ्या सिंथेटिक. चादर घालावी तर जड, भिजली की रोपं मोडायची. राहता राहिली तानाबाईची पत्र्याची पेटी, जी दोन वर्षं पलंगाखाली होती आणि जिला हात लावायचा धीर नानाजींना झाला नव्हता. दुपारी त्यांनी ती ओढून काढली. तळाशी एक हिरवं सुती लुगडं वेगळं बांधून ठेवलेलं होतं. ते त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. एका वर्षी कापसाला भाव बरा लागला, तेव्हा हिंगणघाटहून त्यांनी स्वतः पसंत करून आणलेलं! मी आणलं म्हणूनच तिनं इतकं जपलं, असं त्यांना वाटलं. ते मातीत घालायचं? बराच वेळ ते लुगडं मांडीवर घेऊन बसले. मग उन्हं कलली आणि त्यांना सात रोपांची काळजी लागली.

माधवीनं रोपांच्या बुडाशी कुटाराचा भुसा पसरला, पाणी दिलं. नानाजींनी वाफ्याच्या कडेनं तुराट्या रोवल्या आणि लुगडं उलगडलं. त्यात बोटभर भोकं होती.

"कसर लागली वाट्टे," माधवी म्हणाली.

पण कसर अशी हातहात अंतर सोडून, रांगेनं खात नाही. नानाजींनी एक भोक तुराटीच्या टोकात अडकवलं. पुढचं भोक आपोआप पुढच्या तुराटीवर आलं. तिसरं, चौथंही. काठाला जुन्या काळ्या मातीचे डाग होते, धुऊन धुऊन फिकट झालेले.

नानाजी उखडलेच. "पाह्य, पाह्य तुह्या सासूचं काम! मी हौसेनं आणलेलं लुगडं. अंगावर घालाचं सोडून वांग्यावर घातलं तिनं!"

"मंग, बाबाजी," माधवी शांतपणे गाठ मारत म्हणाली, "ते वांगे खाल्ले कोनं?"

नानाजी वाफ्याच्या विटेवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. माधवी उरलेल्या गाठी मारत राहिली, त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही.

सकाळी उन्हं आल्यावर त्यांनी लुगडं अलगद उचललं. दवानं ते जड झालं होतं. खाली सातही रोपं ताठ उभी होती. नानाजींनी दोनदा मोजली. मग लुगडं पिळून, झटकून अंगणातल्या तारेवर नीट पसरून वाळत घातलं.

समोरच्या प्रमिलाबाई फाटकापाशी थबकल्या. या घरात नऊवारी नेसणारं कोणी नव्हतं.

"पाहुणे आले काय जी, नानाजी?"

"पाहुणे नाई," नानाजी लुगड्याचा काठ सरळ करत म्हणाले. "घरचंच माणूस हाय."