खालून येणारं नाव

“बसला काय दोर?” निंबाच्या शेंड्याजवळून कडूबाने विचारलं. खाली त्याची बायको पुष्पांजली पदर कमरेला खोचून, मान वर करून झाडाभोवती फिरू लागली.

वैशाखातल्या वादळात आमच्या दारचा निंब दुभंगला होता. मोडलेली फांदी अंगणवाडीच्या पत्र्यावर लोंबत होती. नांदुऱ्याकडच्या खेड्यांत अशा कामाला एकच नाव निघतं, कडूबाचं. पन्नाशीचा, काटक माणूस. मोबाइलच्या टॉवरवर काही वर्षं राबला आणि तिथून रुंद पट्टा अन् दोन दोरांची रीत घेऊन आला. लांब दोर वरच्या फांदीवरून येतो आणि त्याचा भार तोलतो. आखूड दोर खोडाला वेढून पट्ट्याच्या कडीत अडकतो, म्हणजे दोन्ही हात कोयत्याला मोकळे. वर सरकायचं तर आखूड दोर सोडावा लागतो, आणि त्या क्षणी सगळा जीव लांब दोरावर असतो. तो दोर नेमका कशावर बसला, हे पानांमुळे कडूबाला दिसत नाही. खालून पुष्पांजलीला दिसतं.

पूर्वी ती नुसतं “हाव”, म्हणजे हो, म्हणायची. तीन वर्षांमागे एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात, यंत्रांच्या घरघरीत कुणीतरी मोबाइलवर “हाव, हाव” करत होता. कडूबाला वाटलं तीच बोलली. त्याने कडी काढली, लांब दोर घसरला, दोन फासळ्या मोडल्या. दवाखान्यातच पुष्पांजलीने ठरवलं, हाव तर साऱ्या गावाचा आहे, आपला शब्द वेगळा पाहिजे. तेव्हापासून ती त्याला बापाच्या नावासकट पुकारते, “कडूबा मोतीराम”, शाळेतल्या हजेरीसारखं.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं तर नाहीच. लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मोतीराम मला आठवतो. अनवाणी चढायचा, कमरेला नुसता कोयता. खाली उभ्या बायकोने वर बघायचं नाही, नजर लागते, असा तेव्हा समज. तो पाटलाच्या चिंचेवरून पडला तेव्हा त्याची बायको डोळ्यांवर पदर घेऊन उभी होती. पडल्याचं तिला आवाजावरून कळलं.

आज त्याची सून फक्त वरच बघत होती, आणि बोलत नव्हती.

माझे धाकटे दीर भगवानराव लाकडं न्यायला ट्रॅक्टर घेऊन खोळंबले होते. ते आधीच कुरकुरत होते की नवरा-सासऱ्याचं नाव असं चव्हाट्यावर घेतात का, बाईमाणसाला काही लाज आहे की नाही.

“लाज हाय मले, भाऊ,” पुष्पांजली मान खाली न करता म्हणाली. “पन मानूस वर हाय.”

ती पुन्हा एक फेरी मारायला वळली. भगवानरावांचा धीर सुटला. तोंडाशी हात धरून त्यांनीच हाक दिली, “कडूबा मोतीराम! सोड बे आता!”

समोरच्या पारावरची माणसं हसली. वर कडूबाचा हात कडीवर गेलेला मी पाहिला. हात तिथेच थांबला.

“तुमचं नाई चालत, भगवानराव,” वरून शांत आवाज आला. “तिचं येऊ द्या.”

पुष्पांजली दोन पावलं मागे सरली, उन्हाला हाताचा आडोसा धरून तिने पाहिलं.

“वाळक्या खुटावर बसला हाय. झटका देऊन उजवीकडं घ्या, हिरव्या फांदीवर.”

त्याने झटका दिला. कडकन आवाज झाला आणि हातभर खुंट पानं झोडपत खाली आला. कडूबा आखूड दोरावर तसाच टेकून होता. लांब दोर त्याने पुन्हा फेकला, तिने खालून ओढून पाहिला, दोन्ही पाय उचलून लोंबकळून पाहिला, मग आणखी एक फेरी मारली. तेव्हा कुठे आमच्या अंगणात ते नाव घुमलं. बाप-लेक दोघांचं.

कडी उघडल्याचा बारीक आवाज खालपर्यंत आला.

दुपारपर्यंत फांदी तुकड्यातुकड्यांनी उतरली. पत्र्याला ओरखडा नाही. कडूबा खाली येऊन चहा पीत बसला. पुष्पांजली दोर गोळा करू लागली. डाळ निवडावी तशी ती दोराची वीत न् वीत बोटांनी चाचपत होती. एके जागी बोटं थांबली. खुंटावर घासून दोराचे दोन पीळ उसवले होते. तिने कोयता मागितला, त्याने न विचारता दिला. तिने दोर तिथेच तोडला, आणि तेवढा तुकडा बाजूला टाकला.

भगवानराव जवळ आले. त्यांचा आवाज बराच उतरला होता. “चांगला तं दिसते. मी घेऊ काय?”

“इहिरीच्या बादलीले लावा,” ती म्हणाली. “मानसाले नोका लावू.”

त्यांनी वाकून तो तुकडा उचलला. जाताना खाली पडलेल्या खुंटापाशी क्षणभर थांबले, मग त्याला वळसा घालून ट्रॅक्टरकडे गेले.