तोंडपाठ

रत्ना गिरासेला वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सहा गुण पडले. सहाच्या खाली लाल शाईत एकच शब्द होता : ‘भेटा.’

जळगावच्या कॉलेजात बीएस्सीला येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. साक्रीच्याही पुढे, डोंगराला लागून तिचं गाव. बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले तेव्हा गावच्या फाट्यावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता आणि वडील धनसिंग कारण नसताना त्या फाट्यावरून फेऱ्या मारत होते. पाठांतरात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. उत्तर एकदा डोक्यात बसलं की स्वल्पविरामासकट कागदावर उतरायचं. बारावीच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका वर्गात फिरवून सांगितलं होतं, असं लिहा, मग गुण कापायची कोणाची छाती आहे ते बघू.

त्यामुळे सहा हा आकडा बेरजेत चुकला असणार असंच धरून ती भंगाळे मॅडमकडे गेली. मॅडमच्या टेबलावर दोन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एक तिची. दुसरी विधी जैनची. विधी परीक्षेत तिच्या पुढच्याच बाकावर होती. शहरातल्या कापड दुकानदाराची मुलगी, स्कूटीवर यायची. दोघींचं आजवर धड चार वाक्यंही बोलणं झालेलं नव्हतं.

झाडं पानांतून पाणी हवेत कशी सोडतात, म्हणजे बाष्पोच्छ्वास, यावर दीड पानी उत्तर होतं. दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच. मॅडमनी एका ओळीवर पेन टेकवलं. दोघींनीही इंग्रजीत लिहिलं होतं, ‘खालील आकृती ४.२ मध्ये दाखवल्याप्रमाणे’. आणि दोघींच्याही पानावर खाली आकृती नव्हती.

‘‘कोणी कोणाचं पाहिलं?’’ मॅडमनी विचारलं.

कोणीच कोणाचं पाहिलं नाही, असं रत्नानं सांगितलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नोट्स मिळतात, त्याच विधीनंही घेतल्या असतील. ती धावत जाऊन होस्टेलवरून नोट्स घेऊन आली. मॅडमनी पानं शांतपणे चाळली. मग म्हणाल्या की ही पानं परीक्षेत बाकाखाली होती, असाही याचा अर्थ होऊ शकतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच रत्नाला जास्त धास्ती वाटली.

प्रकरण समितीकडे गेलं. गुरुवारी अकरा वाजता पालकांसह हजर राहावं, अशी नोटीस मिळाली. कॉपी सिद्ध झाली तर सत्राच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. म्हणजे वर्ष गेलं. दोन दिवस रत्नानं घरी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकलं. धनसिंगनी पलीकडून फक्त साक्रीहून पहिली गाडी किती वाजता असते, एवढं स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हटलं आणि फोन ठेवला.

वर्गात तोपर्यंत दोन तट पडले होते. खेड्यातल्या पोरीनं शहरातलीचं पाहिलं म्हणणारे एकीकडे, उलट म्हणणारे दुसरीकडे. बुधवारी ग्रंथालयाच्या दारात विधी समोर आली, थांबली, आणि इकडेतिकडे बघत म्हणाली की घरच्यांनी सांगितलंय, आपण बोलताना दिसायला नको. रत्ना काही बोलायच्या आत ती निघूनही गेली. त्यानंतर दिवसभर रत्नाच्या मनात एकच विचार घोळत राहिला : दोघींतली एक अडकणारच असेल, तर ती अडकू दे.

गुरुवारी धनसिंग धुळ्याला गाडी बदलून दहालाच पोचले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि सत्काराचा फोटो. मुलीला त्यांनी जिन्याखाली बाजूला घेतलं आणि आपल्याकडे बघायला लावलं.

‘‘मनाकडे देखीसन सांग. तू कॉपी करी का?’’

‘‘नही करी, आबा.’’

‘‘मंग घाबरस कसाले? मी बठ्ठा कागद लई उनू शे.’’ सगळे कागद असलेली पिशवी त्यांनी उचलून दाखवली.

आत उपप्राचार्य, आणखी एक प्राध्यापक आणि भंगाळे मॅडम बसले होते. विधी तिच्या आईसोबत, चेलनाबेनसोबत, आधीच येऊन बसली होती. धनसिंगनी गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली. उपप्राचार्यांनी ती नीट वाचली आणि तितक्याच अदबीनं परत केली. बारावीचं बारावीत झालं, इथलं इथं बघावं लागतं, असं ते म्हणाले. कोणी बसा म्हणेपर्यंत धनसिंग ती हातात धरून उभेच राहिले.

दोन्ही उत्तरं, नोट्स, आकृतीची ती ओळ, सगळं पुन्हा वाचून झालं. मग रत्ना म्हणाली, ‘‘सर, मला ते पाठ आहे. आत्ता म्हणून दाखवते.’’

तिनं सुरुवात केली. दीड पान इंग्रजी, कुठे न अडखळता, त्या नसलेल्या आकृतीसकट. प्राध्यापक नोट्सवर बोट ठेवून बघत होते. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. उपप्राचार्यांनी मान हलवली आणि विधीकडे पाहिलं.

विधीनं दोन वाक्यं म्हटली आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबली. चेलनाबेननी मान खाली घातली. उपप्राचार्यांनी पेनाचं टोपण लावलं.

‘‘म्हणजे स्पष्टच आहे,’’ ते म्हणाले.

रत्नाच्या मागे धनसिंगनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. ती सुटली होती. आता गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण तिची नजर विधीकडे गेली. विधीचे ओठ आवाज न करता हलत होते, तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. पाठ न केलेल्या माणसाचे ओठ असे हलत नाहीत, हे रत्नाइतकं त्या खोलीत कोणाला माहीत असणार? आठवीत पाठांतराच्या स्पर्धेत गावासमोर ती स्वतः अशीच अडकली होती. सगळं डोक्यात असतं, फक्त वाट बंद झालेली असते.

‘‘सर, तिला पुढच्या परिच्छेदाचा पहिला शब्द द्या.’’

‘‘तुला विचारलेलं नाही.’’

‘‘पुढचा शब्द दिला की येईल तिला.’’

मग भंगाळे मॅडमनी नोट्स ओढून घेतल्या, पुढचा परिच्छेद काढला आणि पहिला शब्द वाचला, ‘‘कन्व्हर्सली.’’

विधीनं डोळे मिटले. आणि नळ सुटावा तसं तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. म्हणून झाल्यावर ती हुंदके द्यायला लागली.

कॉपी सिद्ध होत नाही, असं उपप्राचार्यांनी लिहून घेतलं. माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, ‘‘मला एक विचारायचंय. रत्ना, तुमच्याकडे बाजरी होते ना? पावसानं ताण दिला की भर दुपारी बाजरीचं पान कसं होतं?’’

‘‘वळतं. सुरळी होते.’’

‘‘का?’’

रत्ना डोक्यातली पानं भराभर उलटू लागली. कुठल्याच पानावर बाजरी नव्हती. ‘‘मॅडम,’’ ती शेवटी म्हणाली, ‘‘हा प्रश्न नोट्समध्ये नाही.’’

ते प्राध्यापक हसले. मॅडम हसल्या नाहीत. ‘‘आहे. तुझ्याच उत्तरातला सातवा मुद्दा. आत्ता दहा मिनिटांपूर्वी म्हणालीस.’’

रत्नानं मनातल्या मनात सात मोजले. सातवा मुद्दा : पानं गुंडाळली गेल्यानं हवेला उघडा पडणारा भाग कमी होतो आणि पाणी वाचतं. हे वाक्य तिनं शंभरदा म्हटलं असेल. ते तिच्या शेतातल्या बाजरीबद्दल आहे, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिचे कान तापले. मॅडमनी विधीलाही काहीतरी विचारलं, तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

‘‘कॉपी नाही, म्हणून सहा राहतील,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘वाढणार मात्र नाहीत.’’

‘‘एक तरी शब्द चुकला का माझा?’’ रत्नाचा आवाज चढला होता.

‘‘नाही चुकला. पण त्यात तुझा शब्द एकही नाही.’’

बाहेर आल्यावर धनसिंगनी गुणपत्रिका पुन्हा पिशवीत घातली. बसस्टँडवर पोचल्यावर म्हणाले, ‘‘तुनी सुटका हुई जायेल व्हती. मंग मधमां कसाले बोलनी?’’

‘‘तिले येत व्हतं, आबा.’’

त्यांना ते पटलं की नाही, ते कळलं नाही. धुळ्याची गाडी लागली, पिशवी काखेत मारून ते चढले आणि खिडकीतून त्यांनी तिला हातानंच जा म्हटलं.

आठच्या खाली गुण असलेल्या सगळ्यांची पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा होती. पाठ करायचं नाही, तर मग अभ्यास म्हणजे नेमकं करायचं काय, हेच रत्नाला समजेना. ती परिच्छेद वाचायची, वही मिटायची आणि आपल्या शब्दांत सांगायला जायची. तर तोंडातून पुन्हा पुस्तकच बाहेर पडायचं. ते अडवलं की काहीच यायचं नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात विधी सगळ्यांदेखत येऊन शेजारी बसली. आभार मानले नाहीत. नोट्स उलट्या घातल्या आणि म्हणाली, ‘‘मी ‘का?’ विचारते, तू सांग. मग तू विचार.’’

त्या खेळात दोघी रडकुंडीला आल्या. एका ‘का’चं उत्तर दिलं की त्याच्या पोटात दुसरा ‘का’ असायचा. इंग्रजीत अडलं की रत्ना घरच्या बोलीत सांगायची. दुकानावरच्या गिऱ्हाइकांमुळे विधीला ती समजत होती. दोनदा भांडण झालं. एकदा रत्ना वही आपटून उठून गेली आणि तासाभरानं परत आली.

फेरपरीक्षेत एकच प्रश्न होता. कुंडीतल्या दोन झाडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, एक उन्हात ठेवलं, एक सावलीत. काय दिसेल आणि का? वेळ चाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं रत्नाचं पेन कागदाला लागलंच नाही. असं उत्तर कुठंच छापलेलं नव्हतं. मग तिनं एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं, ते तिचं तिलाच कळत होतं. वेळ संपली तेव्हा जेमतेम अर्धं पान भरलं होतं, त्यातही निम्मी खाडाखोड. एवढं घाणेरडं काम तिनं आयुष्यात कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

सोमवारी निकाल फळ्यावर लागला आणि उत्तरपत्रिका परत मिळाल्या. रत्नाला नऊ पडले, विधीला आठ.

जिन्यात उभी राहून तिनं घरी फोन लावला आणि आकडा सांगितला.

‘‘कितीमाईन?’’ धनसिंगनी विचारलं.

‘‘वीसमाईन.’’

‘‘आनी ती पोरले?’’

‘‘आठ.’’

‘‘म्हनजे दोन्ही पास,’’ ते म्हणाले. खूश झाले की हिरमुसले, आवाजावरून काही लागत नव्हतं. जेवून घे, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

रत्ना तिथंच उभी राहिली. मग तिनं उत्तरपत्रिका उघडली, मॅडमनी समासात काढलेल्या लाल खुणा एकेक करून पाहिल्या, आणि उरलेले अकरा कुठे गेले ते विचारायला स्टाफरूमकडे वळली.