सात दशांशांचा खोटेपणा

मी एक वायुभारमापक बोलतोय. हवेचा दाब मोजणारी, पाऱ्यानं भरलेली उभी काचनळी. माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. तो प्रवास उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाला की शेवटी, हेसुद्धा मला आता खात्रीनं सांगता येत नाही. ज्याचं एकदा चुकलं, त्यानं खात्रीची भाषा करू नये, हेही खरंच.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. काच फुंकणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरानं मला तिसऱ्या खेपेला पसंत केलं. आधीची दोन भावंडं त्यानं फोडून टाकली होती. पुढे मी वेधशाळेत आलो. माझं काम फिरतीचं होतं. गावोगावच्या यंत्रांशेजारी मला टांगायचं आणि त्यांची चूक काढायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

मग दोन शेजारी देशांनी मिळून वादळाची पूर्वसूचना द्यायचं ठरवलं. त्यासाठी दोन्हीकडची यंत्रं एका मापात बसायला हवी होती. पलीकडच्या मुख्य केंद्राची तपासणी करायला माझे साहेब मला घेऊन निघाले. दोन पदव्या परदेशच्या, तरी पेटीचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस.

मला न्यायची रीत उफराटी. पेटीत मला डोक्यावर उभं करतात, म्हणजे नळी पाऱ्यानं गच्च राहते आणि आत हवा शिरत नाही. सीमेवरच्या नाक्यावर साहेब कागदांवर शिक्के घ्यायला आत गेले. बाहेर हमालानं पेटीवरचा, नळीचं डोकं दाखवणारा बाण खाली वळलेला पाहिला.

"अरे, या शिकलेल्या लोकांनी पेटी उलटीच ठेवलीय की!" तो जोडीदाराला म्हणाला.

"आत काय आहे?"

"पारा म्हणे."

"आमच्या साहेबांचा चढलेलाच असतो, आणखी कशाला मागवलाय?"

दोघं पोट धरून हसले आणि भल्या मनानं त्यांनी मला सरळ केलं. पुलावरून हातगाडी खडखडत गेली. पलीकडे साहेबांनी पेटी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्यानं ती पुन्हा उलटी केली.

पलीकडच्या केंद्रात एक निरीक्षक बाई होत्या. एकतीस वर्षांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या: वीस वर्षं वडिलांच्या हातच्या, अकरा त्यांच्या. रोज दोनदा, एकही खाडा नाही. त्या नोंदी जशाच्या तशा दोन्ही देशांच्या सामाईक तक्त्यात जाणार की त्यांच्यावर 'चूक' असा शिक्का बसणार, हे मी सांगणार होतो.

"अण्णांनी तापातसुद्धा वाचन चुकवलं नाही हो," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, या नळीशीच लग्न लावायचं होतं तुमचं!" आणि चहा सांगायला त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी मला भिंतीवर टांगलं आणि हलकेच तिरकं केलं. पारा काचेच्या टोकाला आपटतो, तेव्हा आत हवा नसेल तर आवाज टणक येतो. त्या दिवशी आवाज आला तो बोदा, ओल्या मातीवर मूठ आपटावी तसा.

साहेबांनी पुन्हा तिरकं केलं. पुन्हा तोच. एका वाक्याचं काम होतं: 'आमचं यंत्र वाटेत बिघडलं.' पण पहिलीच भेट, बाहेर दोन्हीकडचे अधिकारी, आणि आमचं यंत्र म्हणजे प्रमाण! त्यांनी रुमालानं माझी काच पुसली आणि वही उघडली.

तीन दिवस आम्ही शेजारी टांगलेले होतो. बाईंचं यंत्र माझ्यापेक्षा सात दशांश मिलिबार जास्त दाखवत होतं. म्हणजे त्यांचं चुकीचं, असा निष्कर्ष निघाला.

"एकतीस वर्षं आम्ही चुकलो?" बाईंनी विचारलं.

"जुनी यंत्रं सरकतात, बाई. त्यात तुमचा दोष नाही," साहेब म्हणाले.

सही करण्यापूर्वी बाईंनी विचारलं, "साहेब, आणखी काही नोंदवायचं राहिलंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

बाईंच्या वरिष्ठांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी सही केली. अण्णांच्या प्रत्येक आकड्यातून सात दशांश वजा झाले.

घरी परतल्यावर मला मुख्य यंत्राशेजारी टांगलं. मी बरोबर सात दशांश कमी दाखवत होतो. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'परतीच्या प्रवासात नळीत हवा शिरली.' त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी मला हात लावला नाही. जाता-येता मान मात्र खाली घालत. मला तेवढीही सोय नव्हती. माझा पारा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खोटं बोलत उभा होता.

आता मी काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: 'दोन देशांच्या वैज्ञानिक सहकार्याचा साक्षीदार.' एवढी कृपा करा, ती पाटी काढा. साक्षीदार बोलतो, मी टांगलेला राहिलो.

साहेबही गेले, बाईही गेल्या. परवा दोन्ही देशांनी जुन्या नोंदी एकत्र करायला घेतल्या, तेव्हा पलीकडून बाईंची वही आली. माझ्या कपाटासमोरच्या टेबलावर एका तरुण संशोधिकेनं ती सहकाऱ्याला वाचून दाखवली. त्या तपासणीच्या पहिल्या दिवसाच्या पानावर, समासात, पेन्सिलीनं बाईंनी लिहिलं होतं:

'पाहुण्या यंत्राचा आवाज बोदा. दोनदा ऐकला. आज विचारलं नाही, त्यांना ओशाळं वाटेल. उद्या ते आपणहून सांगतील.'