वर राहिलेला स्क्रू

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सुतारबुवा चार महिने कुणाशी धड बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर न्या. म्हणून बायकोने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून राष्ट्रीय उद्यानात आणलं. तिथे जंगलातून अर्धा किलोमीटर लाकडी फळ्यांची सपाट वाट होती, खास अशा खुर्च्यांसाठी केलेली.

पक्षी ओरडले, एक हरीण अगदी जवळून गेलं. बुवांनी मान वर केली नाही. नुसते फळ्यांकडे बघत बसले. बायकोचं मन खट्टू झालं. एवढा खटाटोप पाण्यात!

तेवढ्यात चाकाला धक्का बसला.

"थांब! हा स्क्रू बघ, केवढा वर राहिलाय. आणि फळ्यांत फट नको सोडायला? पावसात लाकूड फुगेल तेव्हा? कुठल्या गाढवाने केलंय हे?"

तिचा जीव भांड्यात पडला. पुढे फळीगणिक त्या गाढवाचा उद्धार चालला होता. जीभ अडखळत होती, पण तोंड थांबत नव्हतं.

वाट संपली तशी बायकोने डोळे पुसले आणि खुर्ची वळवली.

"आता कुठे?" बुवा खेकसले.

"आल्या वाटेनं परत. अहो, सुरुवातीच्या फळ्या शिव्या खायच्या राहिल्यात की!"