पार्सलाची गाठ

मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. मी एक जुनी नाडी आहे. विजारीच्या नेफ्यात असते ती. बरेच दिवस मी दुकानात रिळावर गुंडाळलेली पडून होते. मग ग्रंथालयातल्या बाईंनी मला विकत घेतले आणि पिनेला अडकवून विजारीत ओवले. तेव्हा त्यांची बोटे कशी भराभर चालत! दर शनिवारी त्या मुलांना गोष्टी सांगत आणि त्यांच्याबरोबर मीही पोटभर हसत असे.

पुढे बाईंना एक आजार जडला. त्यात कातडी ताठ होत जाते. त्यांची बोटे वाकेनात, म्हणून मला बांधायचे काम काकांकडे, म्हणजे त्यांच्या यजमानांकडे आले. काकांची उभी हयात पार्सले बांधण्यात गेलेली. दोन वेढे, उलटी गाठ आणि वर एक हिसका! "आता जगाच्या पाठीवर कुठंही जा, सुटायची नाही!" ते म्हणत. मलाही त्या गाठीचा भारी तोरा होता.

पण आजार कातडीवर थांबला नव्हता. बाईंना लघवीची, शौचाची एकदम घाई होऊ लागली. कधी कळायच्या आतच कपड्यात होऊन जाई. त्यांनी कोणाजवळ ब्र काढला नाही, फक्त बाहेर पडायच्या आधी पाणी पिणे सोडले. एका शनिवारी गोष्ट अर्धी टाकून त्या धावल्या. दार लावून त्यांची ताठ बोटे माझ्याशी झटत राहिली. मी सुटले नाही. मी भिजले त्याचे काही नाही हो, पण बाई भिंतीला टेकून रडल्या, ते मला अजून सोसत नाही.

"घसा बसलाय," असे सांगून त्यांनी शनिवार बंद केला. काका बिचारे गुळण्यांना कोमट पाणी देत राहिले. आठवड्याने म्हणाले, "घसा तर खणखणीत आहे तुझा. काय लपवतेस?"

"अहो, माझं कपड्यात होतं. तुमची गाठ सुटत नाही, आणि सुटली तरी धीर धरवत नाही."

काकांचा चेहरा पडला. "आणि मी मेला रोज आवळतोय!"

दुसऱ्या दिवशी दोघे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाडी बघू." मी सावरून बसले, तर त्यांनी बाईंचे मनगट धरले! मग पोटाची चौकशी केली. "पोटाचं सगळं ठीक," बाई सवयीने म्हणाल्या. काका खाकरले. मग बाईंनी मान खाली घालून सगळे सांगितले.

"या आजारात आतले स्नायूही दुबळे होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात तुमची काही चूक नाही. पुष्कळांना होतं, पण सांगत कोणी नाही. औषधं आहेत, व्यायाम आहेत. पाणी मात्र सोडू नका."

"पूर्ण बरं होईल?"

"तसं वचन नाही देत. पण शनिवार सोडायचं कारण नाही."

घरी येताच काकांनी मला ओढून काढले आणि नेफ्यात इलॅस्टिक ओवले. आता मी बाईंच्या जादा कपड्यांच्या पिशवीचे तोंड बांधते, तेही ओढताच सुटणाऱ्या सैल फासाने. मला याचे जराही वाईट वाटत नाही. मित्रांनो, कोणी घाईने उठले तर वाट द्या, आणि परत आल्यावर चौकशा करू नका. एवढेच मागणे आहे.

पुढच्या शनिवारी बाई दाराजवळ बसल्या. गोष्टीतल्या अस्वलाने पंजा उगारला आणि त्या पिशवी घेऊन उठल्या. "मी आलेच. तोवर अस्वलाला हलू देऊ नका!"

बऱ्याच वेळाने दुसरी विजार घालून त्या परतल्या, तर एक चिमुरडी मधोमध पंजा उगारून उभी होती.

"लवकर सांगा ना पुढचं," ती म्हणाली, "हात दुखला माझा!"